बैलाकडून आभार मागू नका

कृतज्ञतेच्या विरोधात सहसा कोणी लेख लिहीत नाही. वाचक आपल्याला कृतघ्न ठरवतील ही भीती असतेच. शिवाय संतांपासून शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापर्यंत सर्वांनी ज्या गुणाला मान दिला, त्याच्याशी भांडण कशासाठी काढायचे? तरीही आम्ही ते काढत आहोत. आमचे भांडण कृतज्ञतेशी नाही. तिच्या नावाने सध्या जो माल खपवला जातो, त्याच्याशी आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही एका कार्यशाळेला बसलो होतो. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी प्रत्येकाला एक कोरी वही दिली आणि रोज झोपण्यापूर्वी तिच्यात पाच गोष्टी लिहायला सांगितल्या : आज आपण कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत? आमच्या रांगेत तासिका तत्त्वावर शिकवणारे तीन सहकारी होते. त्यांचे मानधन पाच महिने निघाले नव्हते. त्यांतल्या एकाने उभे राहून विचारले, ‘जे मिळाले नाही ते कोणत्या पानावर लिहायचे, सर?’ सभागृह हसले, मार्गदर्शकही हसले. मग उत्तर मिळाले की नकारात्मक विचार टाळावेत. आपल्याला काम तरी आहे, कित्येकांना तेही नाही. शेवटी आभारप्रदर्शन झाले. अध्यक्ष, पाहुणे, संस्थाचालक, माइकवाले अशी सर्वांची नावे त्यात आली. सतरंज्या घालणाऱ्या शिपायाचे नाव आले नाही. तो दाराशी उभा राहून त्या उचलण्याची वाट पाहत होता.

वहीच्या या कल्पनेला संशोधनाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या आणि दुसऱ्या गटाला रोजच्या कटकटी लिहायला सांगितल्या. पहिला गट अधिक समाधानी आढळला. या प्रयोगाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कटकट आणि अन्याय या एकाच रकान्यात मांडायच्या गोष्टी नव्हेत. एसटीत जागा न मिळणे ही कटकट आहे. शिकवलेल्या तासांचे पैसे न मिळणे ही कटकट नाही, आणि ती वहीत न लिहिल्याने नाहीशीही होत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणात आधी शब्दांकडे पाहावे. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दाचा भर जाणण्यावर आहे, बरे वाटण्यावर नाही. कोणी, काय, किती झिजून केले हे ठाऊक असल्याशिवाय माणूस कृतज्ञ होऊच शकत नाही. ‘आभार’ या शब्दात तर भारच आहे. तो भार उतरवावा लागतो, म्हणून आपण उतराई होतो, पांग फेडतो. यांच्या शेजारीच मराठीने आणखी एक शब्द जपून ठेवला आहे : मिंधा. उपकाराखाली ज्याचे तोंड बंद झाले तो मिंधा. कृतज्ञ माणूस बोलू शकतो, मिंधा बोलू शकत नाही. आमचा आरोप एवढाच आहे की आज कृतज्ञतेच्या वर्गांत शिकवले जाते ते मिंधेपण आहे.

याच जिल्ह्यात, अगदी आपल्या अंगणात, कृतज्ञतेचा याहून प्रौढ नमुना आहे. तो म्हणजे पोळा. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी जू नाही, कासरा ओढणे नाही. शिंगे रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बैलांची निगा राखणाऱ्या गड्यालाही नवे कपडे देण्याची रीत आहे. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे हात खांद्यावर जातो. ज्या जागी झीज झाली आहे ती जागा या कृतज्ञतेला नेमकी ठाऊक आहे. दुसरी म्हणजे तिची दिशा. ज्याने घेतले तो, ज्याने दिले त्याच्यापुढे वाकतो. वर्षभर कडबा टाकल्याबद्दल बैलाने मालकाचे आभार मानावेत, असे पोळ्याने कधी सांगितलेले नाही. आमच्या कार्यशाळेत मात्र वही बैलाच्याच हाती दिली होती.

शिवाय वैदर्भीय पोळा मुका नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे पोळ्यात म्हणायचे चुरचुरीत पद्य. तिच्यात देवाला नमन असते आणि त्याच दमात सावकार, पुढारी, सरकार, कापसाचा भाव यांची खरडपट्टीही असते. पूजा चालली आहे म्हणून तक्रार थांबवा, असे तिथे कोणी म्हणत नाही. नमन आणि तक्रार एकाच तोंडातून निघतात आणि सण नासत नाही. मौखिक वाङ्मय शिकवताना आपण झडत्यांचा उल्लेख गंमत म्हणून करतो. त्या ज्या विचारावर उभ्या आहेत तो मात्र शिकवत नाही : ज्याला तक्रार करण्याची मुभा आहे, त्याच्याच आभाराला किंमत आहे.

कोणी म्हणेल की पोळ्याचे हे चित्र आम्ही फार गोड रंगवले. आक्षेप रास्त आहे. पोळा एक दिवसाचा. मग बैल पुन्हा जुवाखाली जातो, आणि म्हातारा झाला की दावणीला राहीलच असे नाही. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक घरांत मातीच्याच बैलांची पूजा होते. म्हणून पोळा जसा आदर्श आहे तसा इशाराही आहे. एक दिवस शिंगे रंगवून उरलेले वर्ष विसरण्याची सोय त्याच्यात आहे, आणि ती सोय आपण माणसांच्या बाबतीत पुरेपूर वापरली आहे.

बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा या आपल्या भाषेतल्या रंगवलेल्या शिंगांचेच पाहा. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हाही ही विशेषणे होती. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. मदतीला आमचा विरोध नाही. परंतु मदतीच्या भाषेत काल ज्याला पोशिंदा म्हटले तो आज ‘लाभार्थी’ होतो, आणि लाभार्थ्याने मंचावर येऊन हात जोडायचे असतात. देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब एका शब्दाने उलटा केला. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते वाचून हळहळलो तेव्हा आपल्या अंगावर सुती कपडे होते. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे असेल, तर ती त्या शर्टापासून सुरू व्हायला हवी होती.

याउलट करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ २०१७ पासून दर १९ मार्चला अन्नत्याग करणारी माणसे आम्हांला कृतज्ञतेच्या अधिक जवळची वाटतात. ती कोणाची स्तुती करत नाहीत. एक दिवस जेवत नाहीत, आणि शेतकऱ्याला बांधून ठेवणारे कायदे रद्द करा अशी मागणी करतात. त्या मागणीशी कोणाचे मतभेद असू शकतील. पण त्या उपवासात स्मरणही आहे आणि तक्रारही. तो झडतीचाच वंश आहे.

साहित्यव्यवहाराने यात वरचढपणाचा आव आणू नये. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, अनेक निमंत्रितांनी पाठ फिरवली, आणि उद्घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या बाईंच्या हस्ते झाले. त्या मंचावर उभ्या राहून बोलल्या, ही मोलाची गोष्ट झाली. पण त्यांची आठवण आपल्याला केव्हा झाली? कापसाच्या या जिल्ह्यात संमेलन भरवताना पहिले निमंत्रण त्यांना गेले नव्हते. जागा रिकामी पडल्यावर गेले. एका बाईला तिच्या विचारांसह झेपवता आले नाही आणि दुसरीच्या दुःखाने ती पोकळी भरली. याला सन्मान म्हणायचे असेल तर म्हणावे. कृतज्ञता म्हणू नये.

मग करायचे काय? आम्ही आमच्याच पेशापासून सुरुवात सुचवतो. एम.ए.च्या लघुप्रबंधांतली ऋणनिर्देशाची पाने आम्ही दरवर्षी वाचतो. त्यांत प्राचार्य असतात, मार्गदर्शक असतात, म्हणजे आमचीच नावे असतात, आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ आभार असतात. ज्या आईने हंगामभर कापूस वेचून परीक्षेची फी भरली, ती बहुधा त्या ‘अज्ञात’मध्ये बसते. विद्यार्थ्यांनी हे पान उलट्या क्रमाने लिहावे. आधी तिचे नाव, तिचे काम, आणि शक्य तर तिला किलोमागे काय मिळाले तेही लिहावे. मार्गदर्शकाने वेळेवर प्रकरणे तपासली नसतील तर आभार मानू नयेत. आम्हांला राग येईल. तो येऊ द्यावा.

त्या कार्यशाळेतली वही आमच्या त्या सहकाऱ्याने टाकून दिली नाही. तिची पाने मधोमध रेघ मारून त्याने दोन भागांत विभागली. डावीकडे तो रोज शिकवलेले तास लिहितो, उजवीकडे मिळालेले पैसे. केलेले जाणण्याची ही वही आम्हांला मार्गदर्शकांच्या वहीपेक्षा अधिक खरी वाटते. उजवा रकाना अजून बराच कोरा आहे.