कोंबडखत जाळावयाचे आणि युरिया विकत घ्यावयाचा?

कोंबड्यांची विष्ठा जाळून अथवा भाजून तिचे इंधन करावे, ही कल्पना आज प्रगतीच्या नावाने मिरवली जात आहे. घाण जाते, वीज मिळते, कोळसा वाचतो. मग विरोध कशासाठी, असे आपल्यातील काही मित्रही विचारतात. त्यांनी आधी एवढेच विचारावे : ही ‘घाण’ कोणाची, आणि इंधन कोणाचे?

करारपद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. तयार पक्षीही कंपनीच उचलते. शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, शेडवरील कर्ज, वीजबिल आणि घरादाराची मेहनत. मेहनतान्याचा दरही कंपनीच ठरविते. बॅच निघाल्यावर उरलेले तुसासकटचे कोंबडखत मात्र सामान्यतः त्याचे असते. ते तो बागाईतदाराला विकतो किंवा स्वतःच्या रानात टाकतो. तंत्रज्ञ ज्याला कचरा म्हणतात, ती या व्यवहारातील त्याच्या हक्काची एकमेव वस्तू आहे.

आता जाळण्याचा हिशेब पाहू. स्फुरद व पालाश राखेत उरतात. नत्र मात्र जवळजवळ सारे धुराबरोबर जाते. हवेविना भाजून कोळसा केला, तरी नत्राचा मोठा भाग गमावतोच. तेच नत्र आपण युरियाच्या रूपाने पुन्हा निर्माण करतो. त्यासाठी नैसर्गिक वायू आयात करतो आणि वर सरकारी तिजोरीतून अनुदान देतो. याला नियोजन म्हणावयाचे, तर उधळपट्टी कशाला म्हणावयाचे?

परदेशांचे दाखले दिले जातात, ते पूर्ण द्यावेत. इंग्लंडमध्ये आय येथे १९९२ साली असे पहिले वीजकेंद्र निघाले. त्याच कंपनीने अमेरिकेत मिनेसोटातील बेन्सन येथे २००७ साली टर्कीच्या विष्ठेवर ५५ मेगावॉटचे केंद्र उभारले. १९९४ च्या कायद्याने जैवइंधनाची वीज घेण्याची सक्ती वीज कंपनीवर होती, म्हणून ते उभे राहिले. वीज महाग पडली. करार मोडण्यास मुभा मिळताच २०१८ साली ते बंद झाले.

दुर्गंधी, माशा, विहिरींत उतरणारे नायट्रेट हे प्रश्न खोटे नाहीत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तशा प्रसंगी दूषित माल नष्ट करावाच लागतो. नेदरलँड्ससारख्या देशात खत मुरविण्यास जमीनच अपुरी. तेथे मूरडाइक येथे २००८ पासून ते जाळले जाते. परंतु त्या प्रकल्पात कुक्कुटपालकांची सहकारी संस्थाही भागीदार आहे, हे आपले भाट सांगत नाहीत. आणि आपल्या कोरडवाहू जमिनी तर सेंद्रिय खतासाठी आसुसलेल्या आहेत.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. कोंबडखतावरील शेतकऱ्याचा हक्क करारात लेखी हवा. सार्वजनिक पैसा आधी गोबरगॅससारख्या संयंत्रांना मिळावा. तेथे इंधनही मिळते आणि नत्र मळीत शिल्लक राहून शेतात परतते. त्यानंतरही जे उरेल, ते जाळणारे केंद्र सहकारी मालकीचे असावे आणि त्याची राख रानात परत यावी.

हजारो पक्षी एका छपराखाली कोंडून नफा कंपनीने न्यावयाचा, घाण गावाने सोसावयाची, आणि त्या घाणीतही पैसा दिसू लागताच तीही कंपनीने न्यावयाची, हा न्याय आपण मान्य करणार काय? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न शेडच्या दारात जाऊन विचारावा. उत्तर तेथेच मिळेल.