बार मुठीने नको, मापाने भरा

कन्नड, सिल्लोड, सोयगाव भागात मका दुधावर आला की शेतकऱ्याच्या घरात रात्रीची झोप उरत नाही. गौताळ्याच्या डोंगरातून डुकरांचा कळप उतरतो आणि खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. सकाळी वावरात पाहावे तर रोटर फिरवल्यासारखा मका आडवा. अशा गावांत एखाद्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. आजोबांच्या नावची, आता मुलाच्या नावावर झालेली. तिची राखण सगळे करतात, पण तिचा बार कसा भरावा हे मात्र ऐकीव गोष्टींवर चालते. म्हणून आज त्याविषयी.

आधी कायदा समजून घेऊ. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव अधिनियम 1972 चा आहे. 2022 मध्ये झालेली त्याची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. रानडुक्कर व रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वैजापूरकडे दिसणारे काळवीट आणि चिंकारा मात्र पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकासाठी त्यांच्यावर बार टाकता येत नाही. तेथे पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज हाच मार्ग.

आता मूळ मुद्दा. "दारू जास्त, तर मार जास्त" अशी गावोगाव समजूत आहे. ती खोटी आहे. ठासणीच्या बंदुकीत ठरावीक मापापुढे दारू घातली की काही दारू न जळताच नळीबाहेर पडते, दस्ता खांद्यावर आदळतो, नेम हलतो आणि छर्रे मध्ये मोकळी जागा ठेवून चहूकडे फाकतात. आवाज मोठा होतो, जनावर मात्र जखमी होऊन पळते. जखमी डुक्कर लांब जात नाही. ते शेजारच्या उसात नाही तर मक्यात दडते आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. फसलेल्या बाराची किंमत अशी दुसऱ्याच घराला मोजावी लागते.

अमेरिकेतील पुष्कळ शेतकरी आपली काडतुसे घरीच भरतात. त्यांच्याकडे .243 नावाची बारीक नळीची रायफल 1955 पासून प्रचारात आहे. नळी जेमतेम 6 मिलिमीटरची. हलकी गोळी घालून तीच रायफल बिळे करणाऱ्या उपद्रवी प्राण्यांसाठी वापरतात आणि 100 ग्रेनची जड गोळी घालून हरणासाठी. हे लोक दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि तीन किंवा पाच बार कागदावर टाकून कोणत्या मापाला गोळ्या जवळजवळ पडतात ते पाहतात. सर्वांत जोरदार माप ते निवडत नाहीत, सर्वांत एकसारखे निवडतात. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या खेळातील .22 ची काडतुसे घरी भरता येत नाहीत. म्हणून मोठ्या स्पर्धांतील नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून उडवून पाहतात आणि नळीला मानवेल तोच लॉट घेतात. तत्त्व एकच. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि ती कागदावरच कळते.

रायफल आपल्या परवान्यात बसत नाही, पण ही रीत बसते. ठासणीची बंदूक तर दर बाराला हातानेच भरावी लागते. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट माप. मूठ किंवा अंदाज नको. पितळेची एक पुंगळी कापून घ्या आणि तिने काठोकाठ माप भरा. ठोकून भरले की दारू जास्त बसते, म्हणून दर वेळी सारखेच भरा. पुंगळीत किती दारू मावते ते एकदा सोनाराच्या तराजूवर पाहा. पण तराजू घरी आणा, दारू सोनाराच्या भट्टीजवळ नेऊ नका. तोळ्याचे 180 ग्रेन होतात, म्हणजे गुंजेचे दोनाला थोडे कमी. बंदुकीची कमाल मर्यादा कारखान्याने सांगितलेली धरावी. ती माहीत नसेल तर परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून नळी तपासून घ्यावी. तोवर बार भरूच नये.

दुसरी गोष्ट दारू. परवानाधारक दुकानातली काळी दारूच वापरा, तीही परवान्यात लिहिली असेल तेवढीच. घरी दारू बनवणे गुन्हा आहे. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. तिचा दाब फार मोठा असतो. नळी फुटते आणि डावा हात जातो.

तिसरी गोष्ट ठासणे. दारू, तिच्यावर डाट, मग छर्रे किंवा गोळी आणि वर पातळ डाट. डाट दर वेळी त्याच जाडीची असावी आणि गजाचा दाब सारखा असावा. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. म्हणून रिकाम्या नळीत गज किती बाहेर राहतो आणि भरलेल्या नळीत किती, याच्या दोन खुणा गजावर कोरून ठेवा. गज भरलेल्या नळीच्या खुणेपेक्षाही जास्त बाहेर राहिला तर समजा की गोळी खाली बसली नाही किंवा बारावर बार भरला गेला आहे.

चौथी गोष्ट सफाई. काळी दारू जळल्यावर नळीत राख राहते आणि ती पावसाळी हवेतले पाणी ओढते. प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी, मग कोरडी चिंधी फिरवावी. मागची ठिणगी विझल्याखेरीज दुसरी दारू ओतू नये आणि डब्यातून थेट नळीत तर कधीच ओतू नये. घरी आल्यावर गरम पाण्याने नळी धुवून, वाळवून तेलाचा हात द्यावा.

आता परीक्षा. पिकाची राखण सुरू होण्यापूर्वी, दिवसाउजेडी, परवान्यात लिहिलेल्या क्षेत्रात आणि ठाण्यात आधी विचारून ती घ्यावी. मागे मातीचा उंच बांध हवा. बांधापुढे जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवून 75 सेंटिमीटरचे वर्तुळ आखा. कमी मापापासून सुरुवात करून प्रत्येक मापाचे तीन-तीन बार टाका. दोन मापांत 5 ग्रेनचे, म्हणजे ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाचे अंतर पुरे. मर्यादेपुढे जाऊ नका. वर्तुळात किती छर्रे पडले, मधे भोक राहिले का, हे वहीत लिहा. एकच गोळी वापरणार असाल तर जेवणाच्या ताटलीएवढे वर्तुळ घ्या. तीन गोळ्या ताटलीत पडत नसतील तर पाच पावले पुढे या. जेथून तिन्ही पडतात तेच तुमचे अंतर. गुळगुळीत नळीत गोळीला फिरकी मिळत नाही, त्यामुळे हे अंतर बहुधा चाळीस पावलांच्या आतच निघेल. त्यापुढच्या डुकरावर बार टाकू नये. बारीक छऱ्याने तर डुकराला नुसती जखम होते.

टोपी वाजली आणि बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा. कधी कधी बार उशिरा उडतो. अंधारात हलणाऱ्या काळ्या आकारावर घोडा ओढू नका. शेजारचा गडीही घोंगडी पांघरून राखणीलाच आलेला असतो.

घरातील भगिनींनाही एक सांगणे आहे. दारूचा डबा आणि टोप्या वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात, चुलीपासून व गॅसपासून दूर ठेवा. किल्ली मुलांना ठाऊक नसावी. परीक्षेची वही मात्र हाताशी असू द्या. राखणीला निघताना त्यातले माप आणि अंतर घरधन्याला एकदा वाचून दाखवावे.