मैदानाचे कैवारी आणि वऱ्हाडची दुपार

बालपणाविषयी मराठीत जे लेख लिहिले जातात, त्यांतील पुष्कळसे एकाच साच्यातून निघालेले दिसतात. प्रथम विटीदांडू येतो, त्याच्यामागून लगोरी, सूरपारंब्या आणि परक्याच्या झाडावरच्या कैऱ्या येतात; आणि शेवटी लेखक एक दीर्घ सुस्कारा टाकून असा निवाडा देतो की, आमच्यामागून ज्यांनी टीव्हीच्या पडद्यासमोर बसून 'व्हिडीओ गेम' नामक खेळ खेळले, त्यांस बालपण लाभलेच नाही. हा निवाडा वाचून माना डोलाविणारे वाचकही थोडेथोडके नाहीत. आम्ही त्या अपराधी पिढीतले आहोत. १९९० नंतरची दहा-बारा वर्षे, काही अमरावतीस व काही अकोल्यास, आमचे बालपण गेले. आणि ज्या बालपणाचे अस्तित्वच नाकारण्यात येत आहे, त्याच्या वतीने चार शब्द बोलणे आम्हांस भाग आहे.

आक्षेपकांचा मुख्य मुद्दा असा की, पडद्याने मुलांचे मैदान हिरावून घेतले. हा मुद्दा ज्यांना प्रथम सुचला, त्यांनी वऱ्हाडातील मे महिन्याची दुपार पाहिली नसावी. अकोल्यास पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि त्याचे तेथे कोणास नवल वाटत नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे तेथील जिल्हा प्रशासनास जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा दुपारी कोणत्या काळी कोणत्या आईने आपले मूल मैदानावर धाडले होते, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे. आमच्या आजोबांच्या लहानपणीही अकराच्या सुमारास दारेखिडक्या लागत, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले जाई, आणि मुले माजघरात पत्ते, सोंगट्या, सागरगोटे नि कवड्या घेऊन बसत. ऊन उतरल्यावर मैदान होते. ते आमच्याही वेळी होते. तेव्हा व्हिडीओ गेमने कोणाची जागा घेतलीच असेल, तर ती विटीदांडूची नव्हे, पत्त्यांच्या डावाची घेतली. यात एक योगायोगही मौजेचा आहे. हे खेळ घरोघर पोचविणारी जपानी निन्टेन्डो कंपनी १८८९ साली क्योटो शहरात निघाली, ती हाताने बनविलेले खेळावयाचे पत्ते विकण्यासाठीच! आजीच्या माजघरातील वस्तूच्या कुळातलेच एक अपत्य पुढे वायर लावून आमच्या बैठकीत आले, इतकेच.

मैदानाचे कैवारी येथे अमरावतीचे नाव घेऊन आम्हांस निरुत्तर करू पाहतात. ज्या शहरात १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्या शहरातील मुलांनी बटणे दाबीत बसावे काय? मंडळाविषयी आमचा आदर कोणाहूनही कमी नाही. परंतु आमच्या सोबत्यांपैकी काही जण सकाळी मल्लखांबाला लोंबकळत आणि दुपारी मारिओ खेळत. एकाच देहाने ही दोन्ही कामे होऊ शकतात, एवढी साधी गोष्ट आक्षेपकांच्या ध्यानी येत नाही.

आता त्या खेळांचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण त्यांस निर्बुद्ध म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाहीत. निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' यंत्र जपानात १९८३ साली निघाले. वऱ्हाडात ते क्वचितच आले असेल. आल्या त्या तैवान-चीनकडून निघालेल्या त्याच्या नकला. कोणाकडे 'मीडिया', कोणाकडे 'सामुराई', कोणाकडे नावच नसलेला डबा. त्यात पिवळी कॅसेट खोचावयाची. तिच्यावर लाखो खेळ असल्याची ग्वाही छापलेली असे, आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस खेळ पुन्हापुन्हा नवे नाव घेऊन हजर होत. (जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, हा धडा आम्हांस शाळेने नव्हे, त्या कॅसेटने शिकविला.) कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारावयाची. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, ते तासाच्या भाड्याने खेळू देणाऱ्या दुकानात जात. तास संपत आला की दुकानदाराची नजर घड्याळाकडे आणि आमची दुकानदाराकडे. १९८५ साली निघालेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ, चित्रे व संगीत यांसह, अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. जागा वाचावी म्हणून कर्त्यांनी ढगाचेच चित्र हिरवे रंगवून त्याचे झुडूप केले. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या घरांतून वाढलेल्या आम्हांस या काटकसरीत हीन असे काही दिसत नाही.

आणि हे खेळ एकट्याने खेळावयाचे नव्हते, ही गोष्ट तर आक्षेपकांच्या कोटिक्रमातून अजिबात गळली आहे. यंत्राला रिमोट दोन, खोलीत मुले सात-आठ. मारिओ मेला की रिमोट पुढच्याच्या हाती गेला पाहिजे, हा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, तरी तो मोडणाऱ्याची "अबे, आता माही बारी!" या गजराने तत्काळ चौकशी होई. 'कॉन्ट्रा' दोघांनी मिळून खेळावयाचा. त्यात एक धबधबा आहे. एक जण उड्या मारीत वर गेला आणि मागच्यासाठी थांबला नाही, तर पडदा वर सरकतो आणि मागचा पडद्याबाहेर पडून मरतो. या एका धबधब्यावर आमच्या आळीत जितकी भांडणे नि जितके समेट झाले, तितके कोणत्या लगोरीवर झाले असतील, असे आम्हांस वाटत नाही. तीस जीव मिळवून देणारा बटणांचा मंत्रही असाच तोंडोतोंडी आमच्याकडे आला. हा मंत्र मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी 'ग्रॅडिअस' या खेळाची १९८६ सालची आवृत्ती तपासताना, आपल्यालाच तो खेळ फार कठीण जातो म्हणून, योजला होता. ते नाव आमच्यापैकी कोणास ठाऊक नव्हते. आम्हांस तो मंत्र कोणाच्या तरी मूर्तिजापूरच्या मामेभावाने दिला, एवढीच त्याची परंपरा.

येथवर आमच्या पिढीचे वाचक आमच्यावर प्रसन्न असतील. आता थोडे त्यांच्याकडे वळतो. आज चाळिशीस आलेली ही मंडळी मारिओचे संगीत कानी पडताच गहिवरतात, आणि त्याच श्वासात आपल्या मुलास सांगतात की, आमचे खेळ खरे, तुमचे ते मोबाइलवरचे खेळ म्हणजे व्यसन. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने 'पबजी'वर बंदी घातली तेव्हा 'कॉन्ट्रा'च्या कित्येक जुन्या शिपायांनी टाळ्या पिटल्या. वास्तविक त्या बंदीचे कारण देशाची सुरक्षितता हे दिले होते, बालकांचे चारित्र्य हे नव्हे. वडिलांनी रिमोट हिसकावून घेतला तेव्हा ज्या शब्दांनी आम्ही मनात त्यांचा निषेध केला, तेच शब्द आज आमची मुले मनात योजीत असतील, याची शंकाही आम्हांस शिवू नये, हे आश्चर्य आहे.

दोहोंत एक भेद मात्र खरा आहे, आणि पालकांनी भांडावयाचे तर त्यासाठी भांडावे. आमची कॅसेट एकदा विकत घेतली म्हणजे ती पुन्हा पैसा मागत नसे. आजचे पुष्कळ खेळ दाराशी फुकट आणि आत पावलोपावली दाम मागणारे आहेत. मूल किती वेळ खेळले यावर त्यांचा धंदा चालतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने मनाई केली. पण पात्राला नवा अंगरखा चढविण्यासाठी बापाच्या खात्यातून पैसे काढविणारे खेळ या मनाईत येत नाहीत. दोष पडद्याचा नाही, या दुकानदारीचा आहे. आणि दुकानदारीविरुद्ध बोलण्यास जे धैर्य लागते, ते सुस्काऱ्याला लागत नाही.

आमच्या आठवणीही सर्वस्वी प्रामाणिक नाहीत, हे कबूल केले पाहिजे. खिडकीच्या गजांना धरून बाहेरून खेळ पाहणारी मुले त्यांत नसतात. बहिणी तर बहुधा नसतातच. विटीदांडूच्या लेखांतही त्या नव्हत्या. याबाबतीत दोन्ही पक्षांचे अगदी एकमत आहे.

मागल्या दिवाळीत अकोल्याच्या घरी माळा साफ करताना जुने यंत्र, दोन्ही रिमोट आणि बदके मारावयाची बंदूक सापडली. यंत्र चालले. बंदूक मात्र चालली नाही. तिचा घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतील डोळा तो उजेड टिपतो. ही वेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीशी जुळविलेली असल्यामुळे आजच्या सपाट पडद्यावर बदके सुखरूप उडून जातात. भाचा हिरमुसला. आम्ही 'कॉन्ट्रा' लावला, आणि धाकट्या बहिणीच्या हाती सवयीने दुसरा रिमोट दिला. तिने तो घेतला नाही. आधी यंत्राजवळ जाऊन त्याची पिन लावलेली आहे की नाही हे तिने पाहिले, आणि मग सांगितले की, तीन उन्हाळे आम्ही तिच्या हाती जो रिमोट देत होतो, त्याची पिन कधीच लावलेली नसे. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळले होते, तरी ती बटणे दाबीत बसे, कारण एरवी तिला कोणी जवळ बसू दिले नसते. आमच्या एकाही आठवणीत ही हकीकत नव्हती. या विषयावरचा पुढचा लेख तिने लिहावा, अशी आम्ही तिला विनंती केली आहे. ती अद्याप कबूल झालेली नाही.