इम्प्लांट मोफत, शस्त्रक्रिया मात्र स्वखर्चाने

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) सूचनेवरून अ‍ॅलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाची आपली ‘बायोसेल’ स्तन-इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. या इम्प्लांट्सचा संबंध लसिकासंस्थेच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी जोडला गेला होता. तोपर्यंत जगभरात ५७३ रुग्ण व ३३ मृत्यू नोंदले गेले होते आणि त्यांपैकी ४८१ रुग्णांच्या शरीरात याच कंपनीची इम्प्लांट्स होती.

परंतु ‘परत मागवणे’ हा शब्द येथे फसवा ठरतो. परत गेला तो रुग्णालयांतील व गोदामांतील साठा. शरीरात बसवलेले इम्प्लांट शस्त्रक्रियेवाचून परत जात नाही. कंपनीने पुढील २४ महिने गुळगुळीत पृष्ठभागाची पर्यायी इम्प्लांट्स मोफत देऊ केली. शल्यविशारदाचे मानधन, भूल व शस्त्रक्रियागृहाचा खर्च मात्र त्यात धरलेला नव्हता. लक्षणे नसतील तर इम्प्लांट काढण्याची आवश्यकता नाही, असे एफडीएने सांगितले. शस्त्रक्रियेचेही धोके असल्याने हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता. मात्र भीतीपोटी इम्प्लांट काढू इच्छिणाऱ्या स्त्रीला विमा कंपनीने ‘गरज नाही’ म्हणण्याचा मार्गही त्यातून मोकळा झाला.

मुळात ही साधने आयुष्यभरासाठी नसतात. इम्प्लांटभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. ते आवळले की स्तन कठीण होतो, दुखू लागतो. सिलिकॉनचे इम्प्लांट कोणतीही लक्षणे न दाखवता फुटू शकते. म्हणूनच बसवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी पहिली व पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी तपासणी करावी, असे एफडीए सांगते. दुसरी शस्त्रक्रिया ही अनपेक्षित आपत्ती नव्हे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या हिशेबातच ती धरायला हवी.

हा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर देशोदेशी एकाच रेषेवर येऊन थांबते. फ्रान्सच्या ‘पीआयपी’ कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. तेथील सुमारे ३० हजार स्त्रियांची इम्प्लांट्स काढण्याचा खर्च शासनाने उचलला. नवी बसवण्याचा खर्च मात्र कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्यांपुरताच. इंग्लंडमध्ये खाजगी दवाखान्याने हात वर केल्यास सरकारी आरोग्यसेवा इम्प्लांट काढून देई, बदलून देत नसे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना व तिच्यातील गुंतागुंतींना विम्याचे संरक्षण दिले. सौंदर्यशस्त्रक्रिया त्याबाहेर राहिली. रेषा कारणावर आखली जाते. सदोष साधन मात्र बसवण्याचे कारण पाहत नाही.

भारतातही चित्र वेगळे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यासाठी प्रमाणित केलेल्या अपवादांनुसार सौंदर्य वा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. तसेच ‘थेट व तात्काळ आरोग्यधोका’ दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांनाही सूट आहे. गोव्यातील विमाधारकांनाही लागू असलेल्या या शेवटच्या वाक्यांशावरच फुटलेल्या इम्प्लांटचा दावा टिकू अथवा फेटाळला जाऊ शकतो. त्यामुळे धोका नेमका काय आहे, हे डॉक्टरांच्या अहवालात स्पष्ट असणे निर्णायक ठरते.

नोंदींचे महत्त्व येथेच कळते. त्या ३३ मृतांपैकी केवळ १३ जणींच्या इम्प्लांटचा निर्माता ज्ञात होता. त्यांपैकी १२ अ‍ॅलर्गनची होती. उरलेल्यांच्या बाबतीत दोष कोणाचा, हे सांगायला कागदच नव्हता. निर्माता, प्रतिमान व अनुक्रमांक लिहिलेले इम्प्लांट कार्ड जपणे ही रुग्णाची पहिली ढाल आहे. ते देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य.

मात्र सारा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. २०१० मध्ये परत मागवलेल्या सदोष खुब्याच्या इम्प्लांट्सबाबत भारतात भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ साल उजाडले, तेही समित्या नेमून. साधन सदोष ठरल्यास ते काढण्याचा व बदलण्याचा पूर्ण खर्च निर्मात्याने द्यावा, ही अट विक्रीपरवान्यातच असावी. अन्यथा मोफत मिळालेले इम्प्लांट हाती घेऊन शस्त्रक्रियेसाठी कर्ज शोधणे, एवढेच रुग्णाच्या वाट्याला येईल.