सही नसलेले आभाळ

परवा ग्रंथालयात फ्रेंच चित्रकलेवरचा एक जाडजूड ग्रंथ चाळताना माझ्या हातून एक लहानसा अन्याय घडला. एका पानावर काळवंडलेले वादळी आभाळ होते आणि त्याखाली एकाकी पवनचक्की. चित्रकाराचे नाव झॉर्ज मिशेल. नाव ओळखीचे नव्हते, म्हणून मी पान उलटले. पुढे मोने आणि सेझान यांच्या पानांवर मात्र भक्तिभावाने रेंगाळलो. मग मनाला टोचणी लागली. मी चित्रे पाहत होतो की नावे वाचत होतो?

मी पुन्हा त्या पानाकडे वळलो. मिशेलचा जन्म 1763 साली पॅरिसमध्ये, एका गरीब घरात झाला. 1791 ते 1814 या काळात त्याची चित्रे सालों या सरकारमान्य प्रदर्शनात लागत. पोटासाठी तो लूव्रमधील जुन्या डच चित्रांची डागडुजी करी. त्या कामात रॉयस्डाल आणि रेम्ब्रांट हेच त्याचे गुरू झाले. चित्राचा मोठा भाग आभाळाला देऊन टाकण्याचे धाडस तो त्यांच्याकडूनच शिकला.

त्या काळी निसर्गचित्रकाराची पंढरी म्हणजे इटली. 1817 पासून तर ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी रोमचे पारितोषिकही दिले जाऊ लागले. मिशेल मात्र मोंमार्त्रच्या टेकडीवर जाई. 1860 पर्यंत ही टेकडी पॅरिस शहराच्या हद्दीबाहेरच होती. तेथे पवनचक्क्या होत्या, खाणी होत्या आणि पलीकडे उघडे माळरान होते. चार कोसांच्या परिसरात ज्याला जन्मभर चित्रे सापडत नाहीत तो चित्रकार कच्चाच, असे त्याचे मत असल्याचे त्याचा चरित्रकार सान्सिए सांगतो. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणे त्याला मान्य नव्हते.

चित्रांवर तो सहसा सही करीत नसे. 1843 साली तो वारला आणि सान्सिएने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध व्हायला 1873 साल उजाडले. व्हॅन गॉगने आपल्या पत्रांत त्याचे नाव आदराने घेतले आहे. 1886 साली पॅरिसला आल्यावर त्यानेही मोंमार्त्रच्या पवनचक्क्या रंगवल्या. फ्रान्समध्ये 2017-18 साली मिशेलच्या चित्रांचे मोठे प्रदर्शनही भरले. तरीही त्याचे नाव आमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

कोणी म्हणेल, त्याने स्वतःच सही टाळली, मग विस्मृतीबद्दल आपण का हळहळावे? शिवाय त्याच त्या चक्क्या, तेच ते ढग! आक्षेप अगदीच खोटा नाही. त्याच्या रंगांची श्रेणी मर्यादित आहे हे मलाही जाणवते. पण गवई एकच राग जन्मभर आळवतो, तेव्हा त्याला आपण पुनरुक्ती म्हणत नाही, साधना म्हणतो. मग चित्रकाराला निराळा न्याय का?

मिशेलला मोनेच्या पंक्तीला बसवा, असा माझा आग्रह नाही. माझी तक्रार आपल्या सवयीविरुद्ध आहे. परीक्षेसाठी आपण नावे, सने आणि संप्रदाय पाठ करतो, आणि हळूहळू डोळेही तेवढेच पाहू लागतात. ज्याने सही केली नाही तो आपल्या हिशेबी उरतच नाही.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. यापुढे चित्राखालची ओळ हाताने झाकायची, चित्र मनसोक्त पाहायचे आणि मगच हात काढायचा. मित्रांनो, एकदा करून पाहा. कदाचित तुमचाही हात एखाद्या मिशेलच्या नावावरून उठेल.