विश्लेषण : शौचालयाला दोन शोषखड्डे की सेप्टिक टँक? काळ्या मातीत काय टिकते?

आसेगाव (जि. वाशिम) : घर बांधताना फरशीचा रंग ठरवायला घरातले सगळे बसतात. शौचालयाचा मैला कुठे साठणार, हे मात्र बहुतेक वेळा गवंडी एकटाच ठरवतो. ‘टाकी मोठी खोदू, पन्नास वर्षे बघायला नको’ हे वाक्य आसेगावसारख्या गावांत सर्रास ऐकू येते. स्वच्छ भारत मिशनची सुरुवात २ ऑक्टोबर २०१४ रोजी झाली. या काळात बांधलेल्या अनेक शौचालयांना आता इतकी वर्षे झाली आहेत की, खड्डा भरल्यावर काय करायचे हा प्रश्न दारात आला आहे. त्याचे उत्तर बांधकामाच्या पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

पर्याय कोणते?

गावात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, एकच खोल शोषखड्डा. दुसरा, दोन उथळ शोषखड्डे. तिसरा, सिमेंटची बंद सेप्टिक टँक. जहाज किंवा रेल्वेच्या डब्याखाली जमीन नसते, म्हणून तिथे टाकी लागते आणि ती रिकामी करण्याची किंवा मैल्यावर प्रक्रिया करण्याची सोय सोबत ठेवावी लागते. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायला जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे. गावात घराखाली जमीन आहे. पाणी शोषण्याचे आणि मैला कुजवण्याचे काम ती फुकट करते. त्यामुळे जागा असेल तिथे सरकारी मार्गदर्शक सूचनांचा कल दोन शोषखड्ड्यांकडे आहे.

दोन खड्डे कसे काम करतात?

भांड्याखालच्या कोंबड्यातून मैला एका छोट्या चेंबरमध्ये येतो. तिथून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दोन वाटा निघतात. त्यातली एक विटेने बंद ठेवतात. खड्ड्याच्या भिंती जाळीदार विटांच्या असतात आणि तळ मातीचाच असतो. पाणी आणि वायू मातीत शोषले जातात, म्हणून या प्रकाराला गॅस पाइपही लागत नाही.

पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला आतून साधारण १ मीटर व्यासाचा आणि १ ते १.२५ मीटर खोलीचा एक खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो. तो भरला की वीट दुसऱ्या वाटेत सरकवायची. पहिला खड्डा दीड ते दोन वर्षे न वापरता बंद ठेवला की आतला मैला कुजून कोरडा होतो. त्याला वास राहत नाही आणि तो चहाच्या भुकटीसारखा दिसतो. तो फावड्याने काढून शेतात टाकता येतो. केंद्रीय पेयजल व स्वच्छता विभागाचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे असा खड्डा स्वतः उतरून रिकामा केला होता. लोकांच्या मनातली किळस जावी, हा त्यामागचा हेतू होता.

एकच खड्डा असेल तर तो भरल्यावर आत ताजा मैला असतो. तो हाताने काढता येत नाही आणि खड्डा बंद ठेवायचा तर कुटुंबाला दुसरे शौचालय नसते. अशा वेळी घरातली माणसे पुन्हा उघड्यावर जाऊ लागण्याचा धोका असतो.

काळ्या मातीची अडचण काय?

वाशिम जिल्ह्यातील बऱ्याच भागात कापूस-सोयाबीनची काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि ओली झाली की पाणी फार हळू शोषते. म्हणून मुरमाड जमिनीवर चाललेला नमुना इथे जसाच्या तसा उतरवला, तर श्रावणात खड्डा तुंबतो आणि पाणी भांड्यात परत येते. मग ‘शोषखड्डा आपल्याकडे चालत नाही’ असा समज पसरतो.

यावर उपाय आहे. खड्डा थोडा रुंद खोदायचा आणि विटांच्या भिंतीबाहेर चारही बाजूंनी सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचा वाळू, खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर भरायचा. त्यामुळे पाण्याला पसरायला जागा मिळते आणि फुगलेल्या मातीचा दाब थेट भिंतीवर येत नाही. दोन खड्ड्यांत किमान १ मीटर अंतर हवे, नाहीतर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपते. झाकण जमिनीपेक्षा थोडे उंच ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. विहीर किंवा हातपंपापासून साधारण १० मीटर अंतर ठेवावे. खोली वाढवण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण खड्डा जितका खोल तितका तो भूजलाच्या जवळ जातो.

सेप्टिक टँक कधी निवडावी?

दोन खड्ड्यांना जागा नसेल, भूजल फार वर असेल किंवा खाली कातळ असेल, तर सेप्टिक टँक हा पर्याय उरतो. मात्र नुसता चौकोनी हौद म्हणजे सेप्टिक टँक नव्हे. भारतीय मानक आयएस २४७० मध्ये तिची रचना दिली आहे. साधारणपणे आत दोन कप्पे असतात आणि पहिला दुसऱ्याच्या दुप्पट लांबीचा असतो. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. या पाण्यात रोगजंतू असतातच. ते शोषखड्ड्यात किंवा प्रक्रियेसाठी जायला हवे. तेच पाणी पाइपने थेट गटारात सोडले, तर घरातली घाण गल्लीत येते इतकाच फरक पडतो.

‘पन्नास वर्षांची टाकी’ हा समजही चुकीचा आहे. गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो साठत गेला तर पाणी टाकीत थांबतच नाही आणि कच्चा मैला तसाच बाहेर पडतो. म्हणून टाकी बांधण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हवेत. उपसा करणारी गाडी घरापर्यंत पोहोचेल का? आणि ती गाळ कुठे नेऊन टाकणार? नाल्यात किंवा माळावर ओतलेला गाळ पहिल्याच पावसात विहिरीच्या वाटेला लागतो. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ पासून तीन वर्षांच्या फेरीने प्रत्येक टाकी उपसण्याचे वेळापत्रक आखले आणि गाळासाठी प्रक्रिया केंद्र चालवले. तालुका पातळीवर अशी सोय झाली, तरच खेड्यातल्या टाक्या सुरक्षित ठरतील.

माणूस आत का उतरवू नये?

बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात, तर प्राणवायू कमी असतो. आत गेलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत देशभरात ३७७ जणांचा मृत्यू झाला.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा नियम घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

देखभाल कशी करावी?

शोषखड्ड्यात फक्त शौचालयाचे पाणी जाऊ द्यावे. न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी त्यात जोडू नये. उताराचे ग्रामीण भांडे बसवले, तर दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. दोन बादल्या ओतल्या तर काळ्या मातीचा खड्डा लवकर तुंबतो. ॲसिड आणि फिनाइलचा मारा केल्यास मैला कुजवणारे जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, कापड किंवा प्लास्टिक भांड्यात टाकू नये. खड्डा बदलल्याची तारीख चेंबरजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी. ‘दोन वर्षे झाली का?’ यावरचा घरातला वाद त्याने मिटतो. उपसा उन्हाळ्यात करावा, पावसाळ्यात नको.

आता काय करता येईल?

नव्या वैयक्तिक शौचालयासाठी पात्र कुटुंबाला १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान ठरले. एक खड्डा असलेले शौचालय मात्र पाडावे लागत नाही. शेजारी दुसरा खड्डा खोदून मध्ये चेंबर बसवले की काम होते. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात अशा दुरुस्त्यांवर भर दिला गेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील ग्रामपंचायत अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित होती आणि त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी राखीव होती. त्या निधीतून गावात काय झाले आणि यापुढच्या आराखड्यात एक खड्ड्याच्या शौचालयांचे काय, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. गावात एक खड्ड्याची घरे किती, गटारात सोडलेल्या टाक्या किती आणि उपशाची गाडी कुठून येते, ही तीन उत्तरे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या वहीत असली, तर पुढचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल.