महाड–पोलादपूरच्या दरडी व पुरांवर इथल्याच विद्यार्थ्यांकडून संशोधन व्हावे, यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
रायगड–अलिबाग

विषय : दरड, पूर व नदी यांवर काम करणाऱ्या पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांना माहिती, उपकरणे व निधी मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही महाड व पोलादपूर तालुक्यांतील रहिवासी आणि अभियांत्रिकीचे पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी हे निवेदन सादर करीत आहोत.

जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात पोलादपुरातील केवनाळे व साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेले. दर वेळी मदत आली, पंचनामे झाले, पुनर्वसनाची कामे निघाली. परंतु कोणत्या उतारावर किती तासांत किती पाऊस झाला म्हणजे वाडी रिकामी करायची, हे गावागणिक ठरवायचे तर वर्षानुवर्षे मोजणी करावी लागते. ती भर पावसातही डोंगरावर पोचू शकणाऱ्या माणसांनीच करायची आहे.

अशी माणसे तयार करणारी संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून लोणेरे येथे, महाडच्या उत्तरेस महामार्गालगत उभे आहे. तेथे स्थापत्य, रसायन, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स असे विभाग आहेत. दरड, पूर, जुने पूल आणि महाड औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी हे आमच्या भागाचे चारही प्रश्न या विभागांच्या अभ्यासाचे आहेत.

प्रत्यक्ष काम करताना मात्र तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण माहितीची. मंडळनिहाय पर्जन्यमापकाची 24 तासांची बेरीज सहज मिळते, पण उतार सुटतो तो काही तासांच्या मुसळधार पावसाने. पाणी मातीत मुरते, कातळावरच्या मुरमात दाब वाढतो आणि माती पकड सोडते. त्यासाठी तासवार नोंदी लागतात. आमच्यातील एका विद्यार्थ्याला त्या मिळवण्यासाठी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवले गेले आणि तोवर प्रबंधाची मुदत संपत आली. शिवाय सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तेथील पाऊस सातारा जिल्ह्यात मोजला जातो आणि त्याचे पाणी पोलादपूर–महाडला येते.

दुसरी अडचण वेळेची. एम.टेक.चा प्रबंध शेवटच्या वर्षात होतो, म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला एकच पावसाळा येतो. उपकरणांची मंजुरी ऑगस्टनंतर आली की तो पावसाळा हातचा गेला.

तिसरी अडचण पैशाची. गेट परीक्षा उत्तीर्ण एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, इतरांना तेही नाही. डोंगरवाडीवर बसवलेल्या यंत्राची पावसात वरचेवर तपासणी करायची तर गाडीभाडे, बॅटरी, दुरुस्ती हे सारे विद्यार्थ्याच्या खिशातून जाते.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. महाड व पोलादपूरच्या तासवार पावसाच्या व नदीपातळीच्या नोंदी, पूररेषेचे नकाशे व दरडप्रवण गावांची सर्वेक्षणे नोंदणीकृत संशोधकांना अर्ज केल्यापासून 15 दिवसांत मिळावीत. महाबळेश्वरच्या नोंदींसाठी सातारा जिल्हा प्रशासनाशी कायमची व्यवस्था करावी.

2. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून या विषयांवरील प्रबंधांना दरवर्षी निधी द्यावा व त्याची मंजुरी एप्रिलअखेर व्हावी.

3. दरडप्रवण वाड्यांवर पर्जन्यमापक, उताराचा कल मोजणारी यंत्रे व जमिनीतील पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या बसवण्यास परवानगी व संरक्षण द्यावे. 2021 मध्ये वीज व मोबाइल सेवा कोलमडली होती, म्हणून मोबाइल नेटवर्कविना रेडिओ लहरींवर चालणाऱ्या इशारा यंत्रणेच्या चाचणीस प्राधान्य असावे.

4. महाड औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांची बैठक बोलवावी. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील तंत्रज्ञान संशोधनाला कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी देण्यास कंपनी कायद्याची सातवी अनुसूची वाव देते. त्यातून सावित्रीच्या पाण्याच्या व गाळाच्या नियमित तपासणीसाठी प्रयोगशाळा उभी राहावी.

5. तालुक्यांतील जुन्या पुलांच्या व साकवांच्या तपासणीत बांधकाम विभागाने स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे.

6. प्रत्येक प्रबंधाचा चार पानांचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामपंचायतीस देण्याची अट निधीसोबतच घालावी. डोंगरातली भेग किंवा झऱ्याचे गढूळ झालेले पाणी आधी गुराख्याला दिसते. त्याची नोंद प्रबंधात यावी आणि प्रबंधाचा निष्कर्ष त्याच्यापर्यंत जावा.

महोदय, आमच्या भागातील मुले पदवी घेऊन पुण्या-मुंबईला जातात. इथल्या डोंगरावर करण्याजोगे काम आणि त्याला लागणारे बळ मिळाले, तर त्यांतील काही नक्की इथे थांबतील. मोजणी सुरू न करता गेलेला प्रत्येक पावसाळा पुढच्या आपत्तीपूर्वीचे एक वर्ष वाया घालवतो. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ, पाटबंधारे विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोन्ही तहसीलदार व आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक घ्यावी आणि वरील मागण्यांवर लेखी निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
महाड व पोलादपूर तालुक्यांतील पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी आणि ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
1. मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे
2. मा. उपविभागीय अधिकारी, महाड
3. मा. तहसीलदार, महाड व पोलादपूर